दहावा निरक्षर

कडकमावशींचं खरं नाव त्यांच्या नवऱ्यालाही चटकन आठवत नसे. चाळीस वर्षं त्याने बायकोला 'अगं' म्हणूनच हाक मारली होती आणि बाकीच्या गल्लीने 'कडकमावशी' म्हणून. पोस्टाच्या शेजारी कोपऱ्यावर त्यांचं इस्त्रीचं टेबल होतं. त्यांच्या हाताखालून गेलेला शर्ट आपल्या पायांवर उभा राहतो, असं गिऱ्हाइकं म्हणत. शर्टाला पाय नसतात, हे मावशी त्यांना दर वेळी सांगत. चुकीचं काही ऐकून घ्यायचं नाही हा त्यांचा स्वभावच होता. एवढ्या वर्षांत त्यांनी एकही कपडा जाळला नव्हता आणि हे त्या कपडा हातात घ्यायच्या आधीच ऐकवत.

नवरा कुलपं दुरुस्त करायचा. हात कुलपात आणि तोंड मोकळं, असं काम. मावशी त्याला 'अहो' म्हणत, म्हणून आपणही अहोच म्हणू. तर हे अहो रोज सकाळी चहा पुढ्यात आला की चष्मा चढवत, पेपर उघडत आणि बायकोला बातम्या वाचून दाखवत.

"अगं ऐक. दूरच्या एका देशात राजाने जांभई द्यायला बंदी केलीय. प्रधान भर दरबारात जांभई देताना सापडला. आठ दिवस सक्तीची झोप!"

"अगंबाई! मग त्याच्या घरचे?"

"घरच्यांना भेटायला परवानगी आहे. पण कुजबुजत."

मावशी हनुवटीला हात लावून ऐकत आणि मग दिवसभर गिऱ्हाइकांना सांगत. गिऱ्हाइकं म्हणत, "हो का? आमच्या पेपरात नव्हतं." मावशींना वाटे, यांच्याकडे हलका पेपर येत असणार.

एकदा अहोंचा घसा बसला. प्रधान आत होता आणि सुटला की नाही हे कळायला मार्ग नाही! पेपर रोज दारात पडत होता, आणि मावशी नुसत्या त्याच्याकडे बघत होत्या. चौथ्या दिवशी त्यांचा धीर सुटला. त्या टेबलावरची इस्त्री उभी करून ठेवून तडक पोस्टाच्या मागच्या खोलीत गेल्या आणि म्हणाल्या, "मला वाचायला शिकवा. लवकर."

त्या खोलीत पूर्वी पार्सलं ठेवत. आता तिथे दुपारी दोन ते चार मोठ्या माणसांचा साक्षरता वर्ग भरायचा. पार्सलं तोलायचा जुना काटा अजून कोपऱ्यात होता. भाजीवाली वर्गात आली की आधी त्यावर उभी राहायची आणि काटा बिघडलाय असं जाहीर करायची. शिकवायला एक तरुण बाई होत्या, मावशींच्या धाकट्या मुलीच्या वयाच्या. पण त्या आत आल्या की न्हावीसुद्धा उठून उभा राही.

मावशी सहा महिन्यांत वाचायला लागल्या. एका सकाळी अहो आंघोळीला गेलेले असताना त्यांनी पेपर उचलला आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत बोट फिरवत वाचला. मग परत वाचला. चार वेळा वाचला. राजा कुठेच नव्हता. पाणी होतं, रस्ता होता, कुणीतरी कुणावर तरी टीका केली होती. राजा नव्हता, प्रधान नव्हता.

अहो बाहेर आले, चष्मा चढवला, तोच पेपर उघडला. "अगं ऐक. एका गावात बोक्याला पोस्टमास्तर नेमलंय."

मावशींनी पानाकडे पाहिलं. तिथे रस्ता होता.

त्यांच्या डोक्यात एकदम लख्ख उजेड पडला. आधी संताप आला. चाळीस वर्षं! गल्लीभर सांगत फिरले मी! मग त्यांनी अहोंकडे पाहिलं. त्यांचं बोट पानावर अगदी ऐटीत सरकत होतं, डावीकडून उजवीकडे, आणि ओळ संपली की खाली. हे बोट फिरवणं हा माणूस किती वर्षं इतरांकडे बघून शिकला असेल, असं त्यांच्या मनात आलं आणि संताप कुठल्या कुठे गेला.

"मग?" त्या म्हणाल्या. "बोक्याला जमतंय का काम?"

"टपाल वेळेवर आहे," अहो म्हणाले. "फक्त पाकिटांवर केस असतात."

तेव्हापासून मावशींनी तोंडाला कुलूप घातलं.

आता वर्गाचं ऐका. वर्गाला सरकारी नियम होता: पटावर किमान दहा निरक्षर हवेत. जो परीक्षेत पास होईल तो साक्षर. त्याचं नाव कापायचं, हातात प्रमाणपत्र द्यायचं आणि घरी पाठवायचं. निरक्षर दहापेक्षा कमी झाले की वर्ग बंद. म्हणजे बाईंनी चांगलं शिकवलं तर बाईंची नोकरी जाणार. नियम करणाऱ्याने डोकं वापरलं असणार, फक्त कुणाचं ते माहीत नाही.

पहिल्या वर्षी वर्गात तेरा जण होते. तिघं पास झाले. त्यातला शिंपी तिसऱ्या दिवशी खिडकीच्या गजांना कान लावून उभा सापडला. कारण वर्गात नेमकी कादंबरी रंगात आली होती. चारशे बारा पानांची, मुखपृष्ठ फाटलेली. एका दीपगृहाचा रखवालदार नाहीसा होतो आणि मागे एकच ओला बूट उरतो. दर आठवड्याला एकाने दोन पानं मोठ्याने वाचायची. शिंपी साठाव्या पानावर साक्षर झाला आणि बूट कुणाचा हे कळायच्या आत हाकलला गेला.

उरले बरोबर दहा. त्या दहा जणांनी काट्याभोवती जमून शपथ घेतली की यापुढे कुणी पास व्हायचं नाही.

आणि नाही झाले. सलग दोन वर्षं दहाच्या दहा नापास. प्रत्येकाची नापास व्हायची आपापली रीत होती. न्हावी चष्मा विसरायचा. लिफ्ट चालवणारे आजोबा झोपायचे. भाजीवाली कागद नाकाशी नेऊन "शिळा आहे" म्हणायची. मावशींना मात्र मुद्दाम चुकायला जमेना. बरोबर येणारी गोष्ट चुकीची सांगायची म्हणजे त्यांना शिवी देण्यासारखं वाटे. म्हणून त्या नुसत्या छताकडे बघत आणि "येत नाही" असं एवढ्या रागाने म्हणत की परीक्षकच माफी मागे. घरी आल्यावर सांगत, "नापास." अहो सुटल्यासारखा श्वास सोडत आणि म्हणत, "असू दे गं. मी आहे ना वाचायला."

बाई बिचाऱ्या दर वर्षी अहवालात लिहीत, 'विद्यार्थी परीक्षेला घाबरतात', आणि परीक्षेच्या आधी आठवडाभर सगळ्यांना दीर्घ श्वास घ्यायला लावत.

त्याच्या पुढच्या वर्षी नवे तपासनीस आले. नवे, तरुण आणि नियमाला पक्के. परीक्षेच्या अर्धा तास आधी ते मावशींच्या टेबलापाशी उभे राहिले. प्रवासात त्यांच्या कोटाचा पार बोळा झाला होता.

"होईल का पटकन? मला मागच्या वर्गावर जायचंय."

"मी त्याच वर्गातली," मावशी म्हणाल्या. "द्या. आजवर एक कपडा जाळला नाही मी."

तपासनिसांनी कोट दिला, टेबलाच्या कडेला फाइल टेकवून उभ्या उभ्या पेनाने काहीतरी लिहिलं, आणि फाइल मिटणार तेवढ्यात थांबले. "शाई ओली आहे. उघडीच राहू दे. तुम्हाला काय, वाचता येत नाही ना?"

"येत नाही," मावशी रागाने म्हणाल्या. तपासनिसांनी माफी मागितली आणि ते समोर चहा प्यायला गेले.

फाइल मावशींच्या दिशेने उलटी होती. पण इस्त्री करताना तीन वर्षं रद्दीतल्या पेपराच्या पुड्या सगळ्या बाजूंनी वाचलेल्या बाईला उलटं काय नि सुलटं काय. त्यात लिहिलं होतं: 'गेल्या दोन वर्षांत एकही विद्यार्थी उत्तीर्ण नाही. आजही तसे चिन्ह दिसत नाही. सदर शिक्षिकेस शिकवता येत नाही. सेवेतून कमी करावे.'

मावशींनी ते दोनदा वाचलं. वर्ग वाचवायला आपण नापास होत होतो आणि ते सगळं नापास बाईंच्या नावावर जमा होत होतं! कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? दहा माणसं, सगळी साक्षर, आणि अकलेच्या नावाने आनंद.

मग त्यांना वास आला. इस्त्री कोटाच्या पाठीवर होती, बराच वेळ.

तपासनीस घाईत होते. त्यांनी कोट अंगात चढवला, फाइल उचलली आणि वर्गात शिरून फळ्याकडे तोंड केलं. त्यांच्या पाठीवर मधोमध इस्त्रीच्या आकाराचा तपकिरी ठसा होता. मागोमाग मावशीही आत आल्या. वर्ग हादरला. कडकमावशींनी कपडा जाळला! न्हाव्याला वाटलं, हा डाव आहे. त्याने मावशींना लांबूनच शाबासकी दिली.

परीक्षा सुरू झाली. बाकीच्यांना कसं सांगायचं? मावशी जिवाच्या आकांताने मान हलवत होत्या, भुवया उडवत होत्या. आजोबांनी त्याचा अर्थ 'अजून गाढ' असा घेतला आणि घोरायला लागले. भाजीवालीने कागद हुंगला, मावशींकडे पाहिलं आणि जास्त जोर लावून म्हणाली, "शिळाच नाही, किडका आहे." बाई खिडकीपाशी उभ्या होत्या आणि स्वतःच दीर्घ श्वास घेत होत्या.

"पुढच्या," तपासनीस म्हणाले.

मावशी उठल्या. कागद हातात घेतला. "मुलगा नदीवर गेला. नदीत मासा होता. मासा मोठा होता. मुलगा घरी आला. मासा नदीतच राहिला." त्यांनी कागद खाली ठेवला. "गोष्ट बंडल आहे, पण वाचली."

वर्ग आ वासून बघत राहिला. भाजीवाली पुटपुटली, "मावशी, शपथ!"

"शपथ गेली खड्ड्यात," मावशी म्हणाल्या. आता त्या थांबेनात. त्यांनी भिंतीवरचा नियमांचा तक्ता वाचला. काट्यावरची पट्टी वाचली: "यापेक्षा अधिक वजन ठेवू नये." तपासनिसांच्या पेनावरचं नाव वाचलं.

"पुरे, पुरे," तपासनीस म्हणाले.

"पुरे कसं? महत्त्वाचं राहिलंय." आणि त्यांनी टेबलावरची फाइल उघडून शेवटचा परिच्छेद खणखणीत आवाजात वाचला. 'शिकवता येत नाही' याच्यावर त्यांचा आवाज जरा फाटला.

बाई मटकन पार्सलांच्या काट्यावर बसल्या.

मग न्हावी उठला. "साहेब, मला चष्मा सापडला," तो म्हणाला आणि मासा नदीतच राहिला इथपर्यंत धडाधड वाचून गेला. आजोबा खाडकन जागे झाले आणि त्यांनी कागद न बघताच म्हणून दाखवला. त्यांना बळेच डोळे उघडायला लावून परत वाचायला लावलं. भाजीवालीने वाचला. दहाही जण वाचत होते, काही जण एकदमच, आणि बाई काट्यावर बसून रडत होत्या आणि हसतही होत्या.

तपासनिसांनी दहाही नावांपुढे 'उत्तीर्ण' लिहिलं, आणि बाईंबद्दलचा मजकूर स्वतःच्या हाताने खोडला. माणूस वाईट नव्हता. मग त्यांनी नियमांचा तक्ता पाहिला. "अभिनंदन. आता पटावर शून्य निरक्षर आहेत. पंधरा दिवसांत नवे दहा भरा. नाहीतर खोलीला कुलूप." दारातून वळून त्यांनी विचारलं, "बाय द वे, माझ्या पाठीला जरा ऊन लागतंय का?"

सगळ्या वर्गाने एकदम छताकडे पाहिलं.

मग निरक्षरांची शोधाशोध सुरू झाली. हे काम वाटतं तेवढं सोपं नाही. "तुम्हाला वाचता येत नाही ना?" असं तोंडावर विचारलं तर माणूस अंगावर येतो. न्हावी वस्तरा गळ्यापाशी नेऊन विचारायचा; त्यामुळे खरं उत्तर मिळायचं, पण गिऱ्हाईक परत यायचं नाही. आजोबा लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे थांबवून विचारायचे. भाजीवालीने तर कोथिंबिरीच्या जुडीबरोबर प्रवेश अर्ज द्यायला सुरुवात केली. शिंपी परत निरक्षर व्हायला तयार होता. त्याला नियमात ती सोय नव्हती. असं करत करत चौदाव्या दिवसापर्यंत नऊ जण मिळाले.

दहावा मिळेना.

मावशींना दहावा माहीत होता. तो रोज सकाळी त्यांच्यासमोर चहा पीत होता. पण मावशी पास झाल्याचं गल्लीभर झालं त्या दिवसापासून अहोंचा चष्मा हरवला होता. पेपर घडीसकट पडून राही. "चष्मा सापडला की वाचतो," ते म्हणत आणि चहा बशीत ओतत. चष्मा त्यांच्याच शर्टाच्या खिशात होता. मावशींनीच तो शर्ट इस्त्री केला होता. राजाचं काय झालं, बोक्याचं काय झालं, काही कळेना. घरात अशी शांतता त्यांनी चाळीस वर्षांत ऐकली नव्हती आणि ती त्यांना सहन होत नव्हती. एक शब्द बोलला की वर्ग वाचणार होता. दर सकाळी तो शब्द जिभेवर यायचा आणि अहोंचा चेहरा बघून मावशी तो चहाबरोबर गिळून टाकायच्या.

पंधराव्या दिवशी चार वाजता तपासनीस आले. त्याच कोटात. आपल्याबरोबर त्यांनी खोलीला कुलूप बसवायला कारागीर बोलावला होता, आणि गल्लीत कुलुपांचा कारागीर एकच. अहो पिशवी घेऊन दारात उभे राहिले.

आतमध्ये जुने दहा, नवे नऊ, खिडकीबाहेर शिंपी. फळ्यासमोर बाई, हातात खडू तसाच. कादंबरी तीनशे चौऱ्याऐंशीव्या पानावर.

"नऊच?" तपासनीस म्हणाले.

"नऊच," बाई म्हणाल्या.

अहोंनी मावशींकडे पाहिलं. मावशींनी छताकडे पाहिलं. त्यांना जे बरोबर येत होतं ते त्या बोलत नव्हत्या, आणि या वेळी 'येत नाही' असं म्हणायलाही त्यांचा आवाज फुटत नव्हता. चाळीस वर्षांच्या संसारात माणसाला एवढं तरी वाचता येतं. अहोंनी ते वाचलं.

"ही नोटीस दारावर चिकटवा," तपासनिसांनी त्यांच्या हातात कागद दिला.

अहोंनी पिशवी खाली ठेवली. खिशातून हरवलेला चष्मा काढला, सावकाश नाकावर चढवला आणि कागदावर बोट ठेवलं. डावीकडून उजवीकडे.

"अगं ऐक," ते म्हणाले. सगळी खोली ऐकायला लागली. "सर्व लोकांस कळवण्यात येते की एका कोटावर इस्त्रीच्या आकाराचं बेट सापडलं आहे. बेटावर वस्ती नाही. बेटाच्या मालकाला मात्र अजून बातमी कळलेली नाही."

तपासनिसांचा हात आपोआप पाठीकडे गेला. "असं लिहिलेलं नाही तिथे!"

"नाही?" अहोंचा आवाज थोडा हलला, पण कागदावरचं बोट हललं नाही. "मग माझं नाव घ्या लिहून. मला वाचता येत नाही. कधीच येत नव्हतं."

बाईंनी पट पुढे केला. शाईचं पॅड लागलंच नाही. कुलपांच्या तेलाने अहोंचा अंगठा आधीच काळा होता. दहाव्या ओळीपुढे तो उमटला तेव्हा न्हावी उठून उभा राहिला, आणि मग सगळेच.

तपासनिसांनी दहा नावं दोनदा मोजली, सही केली आणि कोट काढून पाठ बघितली. मग कादंबरीचं उघडं पान वाचून म्हणाले, "तो बूट कुणाचा, ते कळलं का?"

"बसा," मावशी म्हणाल्या. "अठ्ठावीस पानं राहिलीत."

घरी जाताना अहो पिशवी सांभाळत हळूच म्हणाले, "कधीपासून माहीत होतं तुला?"

"बोक्यापासून."

"आणि बोलली नाहीस?"

"बोलले असते तर त्याला जमतंय का, ते कळलं नसतं."

पाच महिन्यांनंतर एका सकाळी अहोंनी पेपर उघडला. बोट ठेवलं. कपाळावर घाम आला. "गु... गुरुवारी... पाणी... येणार... नाही." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "एवढंच?"

"एवढंच."

"याच्यासाठी पाच महिने बाकावर बसलो मी?"

"पण बरोबर वाचलंत," मावशी म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते लपवलंही नाही. त्यांनी अहोंच्या हातातला पेपर काढून घेतला, नेहमीसारखी कडक घडी घातली आणि बाजूला ठेवला. मग हनुवटीला हात लावून बसल्या.

"आता तुमची सांगा."

अहोंनी चष्मा काढला. "अगं ऐक," ते म्हणाले. "त्या बोक्याची बदली झालीय."